घालायचं की काढायचं?
(पोर्शे ९५९ आणि फेरारी एफ-४० यांच्या निमित्ताने)

आमच्या विंगमध्ये वादाला विषय लागत नाही. मेसच्या आमटीत डाळ किती आणि पाणी किती, इथपासून सुरुवात होते आणि रात्री दोनपर्यंत गाडी कुठेही जाऊन पोचते. पण एक वाद मात्र कायमचा आहे. कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या कूलरच्या वर, कुण्या सीनिअरनं लावून ठेवलेली दोन जुनी पोस्टर्स आहेत. एकावर चंदेरी पोर्शे ९५९, दुसऱ्यावर लालभडक फेरारी एफ-४०. बाटली भरायला आलेला माणूस तिथे दोन मिनिटं थांबतोच, आणि थांबला की कुणीतरी विचारतंच, "बोल, कुठली?"

मी पहिल्या वर्षापासून फेरारीवाला. माझा रूम पार्टनर कट्टर पोर्शेवाला. दोघांनीही यातली एकही गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, हे आधीच कबूल करतो. पण मागच्या सेमिस्टरला आमच्या बग्गी टीममध्ये एक प्रकार घडला आणि हा वाद मला जरा वेगळा दिसायला लागला. तो प्रकार शेवटी सांगतो. आधी या दोघींची पत्रिका मांडू.

एकाच मांडवातून निघालेल्या दोघी

१९८२ मध्ये मोटार स्पर्धांसाठी 'ग्रुप बी' नावाचे नियम आले. अट साधी होती. कंपनीनं अशा २०० गाड्या बनवायच्या, मग ती गाडी स्पर्धेला पात्र. बाकी इंजिन, टर्बो, फोर व्हील ड्राइव्ह यांत जवळजवळ मोकळं रान! दोन्ही कंपन्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पोर्शेनं १९८३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आपली 'ग्रुप बी' गाडी दाखवली. तीच पुढे ९५९ झाली. फेरारीनं १९८४ मध्ये २८८ जीटीओ काढली आणि तिचं आणखी जहाल रेसिंग रूप बनवायला घेतलं.

पण मोकळ्या रानात गाड्या इतक्या वेगवान झाल्या की आवरेनात. मे १९८६ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांचा अपघातात मृत्यू झाला आणि त्या वर्षानंतर ग्रुप बी बंद करण्यात आला. आता दोन्ही कंपन्यांकडे तयार तंत्रज्ञान होतं, पण ज्या स्पर्धेसाठी सगळा खटाटोप केला तीच उरली नव्हती. थोडक्यात, सबमिशनच्या आदल्या दिवशी विषयच सिलॅबसमधून काढून टाकावा तशी गत!

दोघांनीही मग तेच केलं. गाडी रस्त्यावर आणली. ९५९ ग्राहकांच्या हातात १९८७ पासून पडली. एफ-४० चं अनावरण २१ जुलै १९८७ ला मारानेल्लोत झालं, फेरारीची चाळिशी म्हणून नाव एफ-४०. ऐंशी ओलांडून नव्वदीकडे झुकलेले एन्झो फेरारी स्वतः हजर होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत त्यांच्या संमतीनं बाहेर पडलेली ही शेवटची फेरारी.

आता आकडे :

पोर्शे ९५९ : २.८५ लिटर, आडवं सहा सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांच्याही मागे. दोन टर्बो, ४५० अश्वशक्ती. चारही चाकांना शक्ती, सहा गिअर. वजन १४५० किलो. कमाल वेग ताशी ३१७ किमी.

फेरारी एफ-४० : २.९ लिटर, व्ही-८ इंजिन, ड्रायव्हरच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे. दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती. फक्त मागच्या चाकांना शक्ती, पाच गिअर. कोरडं वजन ११०० किलो. कमाल वेग ताशी ३२४ किमी.

म्हणजे इंजिनाचा आकार जवळपास सारखा, टर्बो दोन-दोन, वेगही सारखाच. फरक आहे तो दोन ओळींत : किती चाकांना शक्ती, आणि किती वजन. सगळं भांडण या दोन ओळींचं.

अडचण एकच : टर्बोचा झटका

टर्बो म्हणजे काय हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, पण आयटीची मंडळीही हा अंक वाचतात म्हणून दोन शब्द. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एका टर्बाइनला फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. फुकटात? छे! ही चकती मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तिथवर पोचायला तिला वेळ लागतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, काही होत नाही, पुन्हा काही होत नाही, आणि मग एकदम पाठीत धपाटा बसावा तशी ताकद येते. यालाच टर्बो लॅग म्हणतात. टर्बो छोटा घेतला तर तो लवकर जागा होतो पण वरच्या फेऱ्यांना गुदमरतो. मोठा घेतला तर वर जोरदार, खाली झोपलेला.

आणि हा धपाटा नेमका वळणावर बसला तर? मागची चाकं ग्रिप सोडतात आणि गाडी गरकन फिरते. दोन्ही कंपन्यांपुढचा प्रश्न हाच होता : एवढी ताकद रस्त्यावर उतरवायची कशी?

पोर्शेचं उत्तर : घाला!

पोर्शेचे तांत्रिक प्रमुख हेल्मुट बोट यांच्या टीमनं प्रत्येक अडचणीवर एक यंत्रणा बसवली.

टर्बो लॅग आहे? दोन टर्बो पाळीपाळीनं चालवा. कमी फेऱ्यांना सगळा वायू एकाच टर्बोकडे, म्हणजे तो पटकन फिरतो. चार हजारांच्या पुढे गेलं की दुसरा जोडीला येतो. इंजिन तापतंय? सिलिंडर परंपरेप्रमाणे हवेनं थंड ठेवा, पण चार व्हॉल्व्हच्या हेडला पाणी द्या. चाकं घसरतात? शक्ती चारही चाकांना द्या. पुढच्या चाकांना किती आणि मागच्या चाकांना किती, हे तेलात बुडालेला अनेक चकत्यांचा क्लच ठरवणार आणि त्या क्लचला कॉम्प्युटर हुकूम देणार. गाडी जोरात निघाली की ऐंशी टक्क्यांपर्यंत ताकद मागे. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, चिखल यांसाठी ड्रायव्हरच्या हाताशी वेगवेगळे प्रोग्रॅम. शिवाय एबीएस, उंची कमी-जास्त होणारं सस्पेन्शन, आणि पोकळ आऱ्यांच्या चाकांमध्ये टायरचा दाब सांगणारी यंत्रणा! गंमत म्हणजे सर्वात खालच्या गिअरवर '१' लिहिलेला नाही, 'जी' लिहिलंय. जी म्हणजे गेलेंडे, जर्मनमध्ये खडबडीत मैदान.

ही शोभेची गोष्ट नव्हती. १९८५ च्या पॅरिस-डकार रॅलीत पोर्शेच्या तिन्ही गाड्या बाद झाल्या. १९८६ मध्ये त्याच वाळवंटातून रेने मेट्झ पहिला आला आणि जॅकी इक्स दुसरा, दोघंही ९५९ मध्ये. ताशी तीनशेच्या वर पळणारी गाडी सहाराच्या वाळूतही जिंकते, यातच यंत्रणेचं कौतुक आलं.

फेरारीचं उत्तर : काढा!

एफ-४० चे प्रमुख इंजिनिअर निकोला मातेराझी. हाताशी वेळ होता वर्षभराच्या आसपास. त्यांनी उलट दिशा धरली. पॉवर स्टिअरिंग? नको. एबीएस? नको. ब्रेकला सर्वो? तोही नको, पाय आहे ना! गालिचा नाही, रेडिओ नाही. दार आतून उघडायला हँडल नाही, एक दोरी ओढायची. सुरुवातीच्या गाड्यांना काच म्हणजे सरकणारं प्लास्टिक. पोलादी नळ्यांच्या सांगाड्याला कार्बन आणि केव्हलारचे पॅनल चिकटवले, म्हणजे वजन न वाढता सांगाडा ताठ झाला. रंगाचा थर इतका पातळ की काही ठिकाणी खालची कार्बनची वीण दिसते. फक्त एअर कंडिशनर ठेवला, कारण पाठीमागच्या इंजिनानं आत बसणाऱ्याची भट्टी होते.

टर्बो लॅगवर इथे उपाय नाही. दोन्ही टर्बो एकाच वेळी काम करतात, एकेका बाजूच्या चार सिलिंडरना एकेक. साडेतीन-चार हजारांपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते आणि नंतर सुटते. ते सांभाळणं हे ड्रायव्हरचं काम.

इथे एक गैरसमज नको. 'साधी' म्हणजे मागासलेली नव्हे. १९८७ मध्ये कार्बन आणि केव्हलारची बॉडी हे रेसिंगमधलं तंत्रज्ञान होतं. मातेराझींना एबीएस माहीत नव्हतं असं नाही, त्यांनी ते नाकारलं.

कागद-पेन्सिल घ्या

आता कूलरजवळचा मुख्य मुद्दा. दर टनामागे शक्ती काढली तर पोर्शेची येते ३१०. फेरारीची कोरड्या वजनावर ४३४. पेट्रोल, तेल, पाणी भरल्यावर तिचं वजन शंभरावर किलोनं वाढतं, हे फेरारीवाले सांगत नाहीत, पण तरीही आकडा साडेतीनशेच्या खाली येत नाही. मग शून्यापासून शंभरपर्यंत फेरारीच पुढे हवी. प्रत्यक्षात पोर्शेला ३.७ ते ३.९ सेकंद लागतात आणि फेरारीला चाराच्या थोडे वर. असं का?

कारण गाडीला इंजिन ढकलत नाही, टायर ढकलतो. घर्षण गुणांक १ धरू. चारही चाकं ढकलत असतील तर जास्तीत जास्त त्वरण १ जी. फक्त मागची ढकलत असतील तर मागच्या चाकांवर जेवढा भार तेवढंच. समजा एफ-४० मध्ये ६० टक्के भार मागे आहे. गाडी उसळते तेव्हा आणखी भार मागे सरकतो. गुरुत्वमध्याची उंची ४५ सेंमी धरू, व्हीलबेस आहे २४५ सेंमी. मग त्वरण येतं ०.६ भागिले (१ वजा ४५/२४५), म्हणजे साधारण ०.७३ जी. या हिशोबानं शंभरला पोचायला ३.९ सेकंद. त्यात गिअर बदलणं आणि टर्बोची झोप मिळवा, की झाले चाराच्या वर!

आता उलटा प्रश्न विचारा. टायर झेपेल तेवढी ताकद इंजिनाकडे किती वेगापर्यंत आहे? ड्रायव्हरसकट एफ-४० चे १३२५ किलो धरले तर उत्तर येतं ताशी १३० किमीच्या आसपास. तोपर्यंत इंजिनाकडे ताकद शिल्लक आहे आणि टायर नाही म्हणतोय. ९५९ चे ड्रायव्हरसकट १५२५ किलो धरले तर उत्तर येतं ८० किमी. तिथून पुढे टायर तयार आहे आणि इंजिन हात वर करतं. गिअरबॉक्समधला तोटा मी धरलेला नाही, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण चित्र स्पष्ट आहे : फेरारी टायरपाशी अडते, पोर्शे इंजिनापाशी अडते. म्हणून पहिले शंभर पोर्शेचे, आणि वेग वाढला, ग्रिपचा प्रश्न मिटला, की पुढचं मैदान फेरारीचं.

कमाल वेगाची तर आणखी मजा. हवेचा अडसर मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते. ४७८ भागिले ४५० चं घनमूळ १.०२. आणि ३१७ गुणिले १.०२ म्हणजे ३२३! कंपनीचा आकडा ३२४. (दोघींचे आकार वेगळे, हवेचा गुणांक वेगळा, तेव्हा यात योगायोगाचाही वाटा आहे. ओरलला हे गणित मांडून वर माझं नाव सांगू नका.) मुद्दा एवढाच, की २८ घोडे जास्त जोडून पदरात पडतात ते ताशी जेमतेम सात किलोमीटर.

मग जिंकलं कोण?

रस्त्यावर पोर्शे जिंकली. ९५९ मधली एकेक गोष्ट पुढे खाली झिरपत आली. १९९५ च्या ९११ टर्बोला दोन टर्बो आणि फोर व्हील ड्राइव्ह दोन्ही होतं. टायरचा दाब सांगणारी यंत्रणा अमेरिकेत आणि युरोपात सक्तीची झाली. आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला एबीएस लागतंच. पार्किंगमधल्या तुमच्या बाइकमध्येही ९५९ चा थोडा विचार आहे म्हणा ना!

पण त्याची किंमत पोर्शेनं मोजली. ४ लाख २० हजार मार्कांना विकलेल्या प्रत्येक गाडीवर कंपनीनं नुकसान सोसलं. अमेरिकेच्या नियमांत ती बसेना, खुद्द बिल गेट्स यांची ९५९ कितीतरी वर्षं तिथल्या कस्टम्समध्ये अडकून पडली होती. आणि आज त्या ऐंशीच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक्सची आणि हायड्रॉलिक्सची दुरुस्ती करणं म्हणजे मालकाची सत्त्वपरीक्षा.

बाजारात मात्र फेरारी जिंकली. ४०० बनवायच्या ठरल्या होत्या, मागणीमुळे १३०० च्या वर बनल्या. ९५९ तीनशेच्या आतबाहेर. म्हणजे एफ-४० चौपटीहून जास्त आहेत, तरी लिलावात साधारणपणे तिलाच जास्त भाव मिळतो. दुर्मिळ वस्तू महाग, हा इकॉनॉमिक्सचा धडा इथे उलटा पडतो. कारण ९५९ जे करायची ते आज कितीतरी गाड्या करतात. एफ-४० जे मागायची ते आज कुठलीच गाडी मागत नाही.

'मागायची' हा शब्द मुद्दाम वापरलाय. आता आमच्या टीमची गोष्ट.

एक किलोचा हिशोब

गेल्या वर्षी आमची बग्गी वजनदार झाली होती. प्रत्येक उपटीमनं आपापला ब्रॅकेट, आपापला जादा बोल्ट घातलेला. या वर्षी मी सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचा प्रमुख झालो आणि जाहीर केलं, "या वेळी एफ-४०! जे काढता येईल ते काढायचं." स्टिअरिंगला एक डॅम्पर होता, चाकाला बसलेला दणका हातापर्यंत पोचू नये म्हणून. वजन साधारण एक किलो. मी काढला. वजनाच्या तक्त्यात एक किलो कमी झाल्याचं हिरव्या पेननं लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्कशॉपच्या मागच्या मैदानावर प्रॅक्टिसला एस.ई. चा एक ज्युनिअर चालवत होता. पुढचं चाक दगडाला धडकलं, स्टिअरिंग हिसका मारून फिरलं आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, तेही सबमिशनच्या तोंडावर. त्याची जर्नल्स मी लिहून काढली. त्यात उपकार काही नव्हते. तो मला एकदाही वेडंवाकडं बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्या रात्री आमचे सर हॉस्टेलवर आले होते. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "डॅम्पर काढलास, मग त्याचं काम कुणाला दिलंस?"

मला उत्तर आलं नाही. काम होतंच. दणका बसणारच होता. आधी तो डॅम्पर सोसायचा, मी तो ज्युनिअरच्या अंगठ्याला दिला आणि तक्त्यात हिरव्या पेननं बचत म्हणून लिहिला.

तेव्हापासून कूलरवरची पोस्टर्स मला वेगळी दिसतात. पोर्शेनं ओझं यंत्रावर टाकलं आणि त्याचं बिल कारखान्यानं आणि पुढच्या मेकॅनिकनं भरलं. फेरारीनं ओझं ड्रायव्हरवर टाकलं. ओझं नाहीसं कुणीच केलं नाही, फक्त खांदा बदलला. पण एफ-४० घेणाऱ्याला ते ठाऊक होतं. तेच हवं म्हणून त्यानं पैसे मोजले होते. आमच्या ज्युनिअरला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, घालायचं की काढायचं हा प्रश्न डिझाइनमध्ये दुसरा येतो. पहिला प्रश्न, गाडी अडतेय कुठे? टायरपाशी, इंजिनापाशी की माणसापाशी? आणि काही काढलंच, तर ते काम आता कोण करणार, आणि त्याला हे सांगितलंय का?

डॅम्पर परत बसवलाय. तो एक किलो आम्ही दुसरीकडून काढला, कुणाच्याच कामाचे नसलेले तीन ब्रॅकेट सापडले. वजनाच्या तक्त्यात आता एक नवा रकाना आहे : 'काढल्यास काम कोणाकडे?' ज्युनिअरचा अंगठा बरा आहे आणि पुढच्या वर्षीचा स्टिअरिंग प्रमुख तोच आहे.

त्याला परवा कूलरपाशी विचारलं, "बोल, कुठली?" बाटली भरता भरता तो म्हणाला, "पोस्टरसाठी एफ-४०. चालवायला द्याल तर ९५९."

मी अजूनही फेरारीवालाच आहे. फक्त हल्ली जरा कमी आवाजात.